पोच

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावरचा फोन दरवर्षी एकाच कारणासाठी वाजतो. पलीकडे नुकताच नोकरीला लागलेला कुणीतरी असतो, आवाजात थोडा संकोच आणि थोडा संशय. "मॅडम, या वेळी पगार शंभर रुपयांनी कमी आलाय." मी त्याची स्लिप उघडायलाही जात नाही. फेब्रुवारीचा पगार आहे, पी.टी. दोनशेऐवजी तीनशे कापलाय, पुढच्या महिन्यापासून परत दोनशे, एवढं सांगते. मग हमखास पुढचा प्रश्न येतो, "पी.टी. म्हणजे?" एकानं तर विचारलं होतं, शाळेत पी.टी.च्या तासाला दांड्या मारल्या त्याचा दंड आता वसूल करताय का?

पुण्यातल्या एका कंपनीच्या पगार विभागात मला एकोणीस वर्षं झाली. पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कारण संविधानाच्या २७६व्या कलमानं या कराला तेवढीच वेस घालून दिली आहे. त्यामुळे महिना पंधरा हजार मिळवणारा पुरुष जेवढा देतो, तेवढाच तीन लाख मिळवणाराही देतो. (बायकांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर माफी आहे, आधी ती १० हजारांपर्यंत होती.) कर म्हणून हा काही फार न्यायी नमुना नाही, हे मान्यच करून टाकते.

पहिली पाच-सहा वर्षं मलाही तो कशासाठी आहे ते माहीत नव्हतं. शेकडो लोकांचा कर दर महिन्याला जिच्या हातून कापला जातो, तिला तो का कापला जातो हे माहीत असायला हवं असा काही नियम नाही. चलन भरायची शेवटची तारीख पाठ असली की काम भागतं. मग एकदा आमच्या अकाउंट्समधले एक जुने गृहस्थ, निवृत्तीला महिनाभर राहिलेले, चहा पिता पिता म्हणाले, "तुमचं आजोळ माणातलं ना? मग हा तुमच्या आजोळचा कर." मला वाटलं, थट्टा करताहेत. ते म्हणाले, "रोजगार हमीसाठी बसवलाय हो. पंचाहत्तर साली. शहरातल्या पगारदारांनी द्यायचा आणि दुष्काळी भागातल्या माणसाला काम मिळायचं."

माण तालुका. सातारा जिल्ह्याचा कोरडा पूर्वभाग. महाबळेश्वरचा पाऊस ज्या जिल्ह्यात पडतो, त्याच जिल्ह्यात हेही आहे, हे लहानपणी नकाशात बघून मला खोटं वाटायचं. माझी आज्जी त्या भागात जन्मली, तिथंच दिली आणि तिथंच २००९ साली गेली. तिच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग असायचे, बाहत्तरच्या आधी आणि बाहत्तरच्या मागनं. आईचं लग्न बाहत्तरच्या मागनं. घरामागची लिंबोणी बाहत्तरच्या आधीची, वाळून परत फुटलेली.

बाहत्तरच्या त्या दुष्काळाबद्दल आम्ही पुस्तकात वाचलं ते वेगळं आणि आज्जीकडून ऐकलं ते वेगळं. पुस्तकात आकडे होते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. एका राज्यात, एकाच वेळी, उन्हात बसून खडी फोडणारी, तलावाची माती वाहणारी ५० लाख माणसं. आज्जीकडे आकडे नव्हते, पण 'ब्रास' हा शब्द होता. तिला येणाऱ्या मोजक्या इंग्रजी शब्दांपैकी एक, आणि तो इंग्रजी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. फोडलेल्या खडीचा ढीग ब्रासवर मोजायचे. मुकादम लाकडी माप लावायचा, ढीग सैल दिसतोय म्हणायचा आणि थोडा कमी धरायचा. मग सुकडी मिळायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, घशाखाली न उतरणारी. आज्जी सांगायची, "पाटलाची सून बी टोपली उचलायची. कुणाला कुणाची लाज ऱ्हायली नव्हती." आणि मग, न विचारता, "पाण्याचा डेरा तेवढा निराळा व्हता." एवढं बोलून ती दुसऱ्याच विषयावर जायची. आम्ही कोणत्या डेऱ्याचं पाणी प्यायचो, हे मी तिला कधी विचारलं नाही. आमचं आडनाव बघता विचारायची गरज नव्हती, आणि तेच मला आता बोचतं.

तिची एक गोष्ट मात्र ती दर वेळी खुशीत सांगायची. शेतावर बाईला गड्याच्या निम्मी मजुरी. खडीवर तसं नव्हतं, जेवढे ब्रास तेवढे पैसे. खडी बाईनं फोडली की गड्यानं, ते ढिगाला कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आणि आजोबांच्या कामाला एकच दर लागला, तोही दुष्काळात. पुढे रोजगार हमीच्या कामांवर निम्म्याच्या आसपास बायकाच दिसायच्या त्याचं एक कारण हेच असणार. कामावर बायका जास्त आल्या की अभ्यासक त्याला 'सहभाग' म्हणतात. आज्जीच्या लेखी तो चोख हिशेब होता.

मुकादम कमी धरायचा तेव्हा तुम्ही काय करायचा, असं मी एकदा विचारलं होतं. "काय करनार? नाव मस्टरावर, आन् मस्टर त्याच्या पिशवीत." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. उलट शेवटी नेहमी म्हणायची, "सरकारनं जगवलं बाई." जगवलं. गुरं जगवतात, रोप जगवतात, तसं. त्या क्रियापदात कृतज्ञता पुरेपूर आहे, पण ज्याला जगवलं त्याच्या हातात काहीच नाही.

'हक्क' हा शब्द तिच्या तोंडी मी ऐकलेला नाही. नाही म्हणायला एकदाच, आणि तोही जोडशब्दात. भावांच्या नावावर जमीन करताना तिनं तहसील कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. साडीचोळी मिळाली, जेवण झालं. आपल्याकडच्या किती बायकांना हा शब्द सरकारी कागदावर पहिल्यांदा भेटतो तो सोडून देण्यासाठीच!

जुन्या गृहस्थांच्या त्या चहानंतर मी हळूहळू वाचत गेले. वि. स. पागे हे नाव शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. विधान परिषदेचे सभापती, सर्वोदयी वळणाचा माणूस. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, लहानसा प्रयोग केला. काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचं आणि त्या कामातून बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते असं टिकणारं काही उभं करायचं. पुढे वसंतराव नाईकांच्या सरकारनं ती कल्पना उचलली आणि मग दुष्काळ आला. दुष्काळी कामं सरकार ब्रिटिशांच्या काळापासून काढत होतं, त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते दुष्काळ सरल्यावर. पाऊस पडला, की अशी कामं बंद करून हजेरीपुस्तकं दप्तरात बांधून टाकायची रीत. इथं उलट झालं. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता दुष्काळ असो नसो, ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. करार संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली केलेला. त्यात कामाचा हक्क आहे, अन्नाचा, निवाऱ्याचा, आरोग्याचा, शिक्षणाचा आहे. न्यूयॉर्कच्या कागदावर भारताचं नाव लागायच्या अडीच महिने आधी माणातल्या बाईसाठी त्यातल्या पहिल्या हक्काचा कायदा झालेला होता, हे वाचताना मला उगाचच आजोळचा अभिमान वाटला.

पण खरी गोम पैशाची आहे, आणि पगार विभागातली असल्यामुळे माझा जीव तिथंच अडकतो. आपल्या संविधानात कामाचा हक्क आहे, ४१व्या कलमात, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी शेपटी लावून. हे कलम ज्या भागात बसतं, त्या चौथ्या भागातल्या कोणत्याही गोष्टीसाठी कोर्टात जाता येत नाही, असं ३७वं कलम सांगतं. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या मार्गदर्शक तत्त्वांवर टीका झाली होती, की ज्याला कायद्याचा जोर नाही ते लिहायचं कशाला? बाबासाहेबांचं उत्तर असं होतं, की सरकारला कोर्टात नाही, तर निवडणुकीत मतदारांपुढे त्याचा जाब द्यावा लागेल. त्यांनी देशाच्या रिकाम्या तिजोरीकडे बघून ते म्हटलं असणार. गरीब देशात हक्काची भाषा सुरू झाली, की दुसऱ्या वाक्याला 'पैसा कुठून आणायचा' हे येतंच. आणि तो प्रश्न खोटा नाही. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला तो खोटा वाटणार नाही.

महाराष्ट्रानं मात्र त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, तेही राज्याचं कंबरडं मोडलेलं असताना. पैसा मुंबई-पुण्यातल्या पगारातून आणायचा. कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारनं घालायची आणि हे सगळं रोजगार हमीच्या निधीत. कायद्यात नुसती 'हमी' नाही, तिच्यामागे पगाराच्या स्लिपवरची एक ओळ आहे. मुंबईतल्या कारकुनाला त्यात काय मिळायचं? कदाचित एवढंच, की पुढच्या दुष्काळात गावच्या गावं उठून फलाटावर येऊन पडणार नाहीत. तेवढ्यावर सौदा पटला. मला तरी हा फार शहाणपणाचा सौदा वाटतो, आणि आजही पाच मिनिटांत कुणालाही समजावता येतो. फोनवर मी तो समजावते. ऐकणारा बहुधा तिसऱ्या मिनिटाला "ओके मॅडम, थँक्यू" म्हणतो.

पुढचं तितकंसं अभिमानाचं नाही. बरीच वर्षं करातून जमा व्हायचं जास्त आणि कामांवर खर्च व्हायचं कमी. १९८८ मध्ये शेतमजुरीचा किमान दर जवळपास दुप्पट झाला, रोजगार हमी योजनेचा, म्हणजे रोहयोचा, दर त्याला बांधलेला, म्हणून तोही वाढला आणि मग कामंच कमी निघू लागली. कागदावर हमी तीच, दर दुप्पट, फक्त काम नाही. हक्क काढून घ्यायला कायदा रद्दच करावा लागतो असं नाही. काम मंजूर करणाऱ्या साहेबांनी सही करायला उशीर लावला, तरी तेच होतं.

आता माझा मामा. त्याच्याशिवाय हा विषय आमच्या घरात पुरा होत नाही. १९९० मध्ये राज्यानं फळबाग लागवड रोहयोला जोडली. लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात खड्डे खणायची, झाडं लावायची मजुरी सरकारनं द्यायची. मामानं डाळिंब लावलं. विहिरीचं कामही पुढे रोहयोतूनच झालं. आज त्याच्या ओसरीवर बसलं, की दहा मिनिटांत तो सुरू होतो, "या रोजगार हमीनं शेतीला मजूर मिळंना झालाय. लोकांना आयतं बसून खायची सवय लागली." मी विहिरीकडे बघते. तो म्हणतो, "ते निराळं." त्याच्या मते त्याची विहीर म्हणजे विकास आणि शेजारच्या वस्तीवरच्या बाईची मजुरी म्हणजे सवय. पण त्याचं एक म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ऐन सुगीत मजूर मिळत नाही तेव्हा लहान शेतकऱ्याचं खरंच नुकसान होतं. फक्त त्याच्या हिशेबात मजुराला दुसरीकडे काम नसणं ही शेतीची एक सोय आहे, निविष्ठा आहे, खतासारखी. हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं तेव्हा मामीनं आतून भांडं जरा जोरात आपटलं. ती कुणाच्या बाजूनं होती ते मला अजून कळलेलं नाही.

२०१३ च्या मे महिन्यात मी कामानिमित्त तिकडे गेले होते. कामानिमित्त म्हणजे दान द्यायला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, माणात चारा छावण्या लागल्या होत्या आणि आमच्या कंपनीतल्या लोकांनी एक दिवसाचा पगार चाऱ्यासाठी दिला होता. हिशेब माझ्याकडे, शिवाय आजोळ तिकडचं, म्हणून मला धाडलं. दोन ट्रक ऊस, एक फलक आणि फोटो काढायला एक मुलगा. छावणीत उतरवून झालं, आम्ही फलक धरून उभे राहिलो, फोटो झाले. मग सगळे जण चहाला गावात आले आणि मी पाणी मागायला ग्रामपंचायतीत शिरले.

आत एक बाई उभी होती. पन्नाशीची असावी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. टेबलामागे ग्रामसेवक, त्यांना तिकडे भाऊसाहेब म्हणतात, आणि बाजूला रोजगार सेवक, तोंडावर मिसरूड फुटलेला पोरगा. बाईनं कामाच्या मागणीचा अर्ज, म्हणजे नमुना चार, भरून आणला होता. एकटीचा नव्हे, वस्तीवरच्या अकरा जणांचा. पोरानं अर्ज घेऊन ठेवला होता. बाई हलत नव्हती.

"पोच द्या."

"मावशी, काम निघालं की सांगतो की. पळून चाललोय का मी?"

"तारीख टाकून द्या. शिक्का मारून."

भाऊसाहेब म्हणाले, शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे, शिपाई जेवायला गेलाय. बाई म्हणाली, मी बसते. आणि भिंतीला टेकून खाली बसली. मीही उगीच पाण्याचा ग्लास धरून रेंगाळले. पोरगा जरा वैतागून म्हणाला, "पोचेचं एवढं काय लावलंय? अर्ज घेतलाय ना?"

ती म्हणाली, "काम कवा निघंल ते तुमच्या हातात हाय. पोच माज्या हातात ऱ्हाऊ द्या."

मला तेव्हा अर्धंच कळलं. परत आल्यावर २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा काढून वाचला तेव्हा उरलेलं कळलं. हा कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांपासून सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम. गावापासून ५ किलोमीटरच्या आत, लांब असेल तर मजुरी १० टक्के जास्त. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान पोरं असतील तर त्यांना सांभाळायला बाई. ठेकेदार चालणार नाही. आणि १५ दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. या सगळ्या घड्याळाला चावी कुठं द्यायची? पोचेवरच्या तारखेला. पोच नसेल तर अर्ज नाही, अर्ज नसेल तर मागणी नाही. मग तालुक्यातून वर अहवाल जातो की गावात कामाची मागणी नाही. वरचे म्हणतात, बघा, लोकांना कामच नकोय. माझा मामा म्हणतो, आयतं खायची सवय. हे सगळं एका शिक्क्याच्या कपाटातून निघतं.

पाऊण तासानं शिपाई आला. किल्ली मिळाली. पोच मिळाली. बाईनं ती पिशवीत इतर कागदांबरोबर ठेवली. इतर कागद काय होते ते मला दिसलं नाही. बाहेर ट्रकवर आमचा फलक वाऱ्यानं फडफडत होता. आम्ही दिलेल्या उसाची पोच आम्हीही घेतली होती, छावणी चालवणाऱ्यांकडून, कंपनीच्या फायलीसाठी. त्या दिवशी त्या गावात दोन पोचपावत्या फाडल्या गेल्या. एका पावतीवर आम्ही दयाळू असल्याची नोंद होती. दुसरीत कुणाच्याच दयाळूपणाचा संबंध नव्हता.

पुढचं मामाकडून फोनवर कळलं. बाविसाव्या दिवशी नालाबांधाचं काम निघालं, अकराही जणांना मिळालं. मधल्या सहा दिवसांचा भत्ता कुणालाही मिळाला नाही, कुणी मागितलाही नाही. सवयीनं मी हिशेब केला. त्या वर्षी मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. चतुर्थांश म्हणजे साडेचाळीस. सहा दिवसांचे २४३. अकरा जणांचे २,६७३. माझ्या वर्षाच्या व्यवसाय करापेक्षा १७३ रुपये जास्त.

तेव्हापासून दर एप्रिलला तो दर बघायची मला खोडच लागली आहे. २०१७-१८ साली महाराष्ट्रात २०१ रुपये. पुढच्या वर्षी २०३. त्याच्या पुढच्या वर्षी २०६. ती तीन वर्षं माझा महिन्याचा कर आणि तिकडच्या बाईचा दिवसाचा रोज जवळजवळ एकच रक्कम होती. आमच्या कंपनीत कुणाला अशी वर्षाला दोन रुपयांची वाढ देऊन बघावी! २०२५-२६ मध्ये दर ३१२ झाला. माझे २०० आहेत तिथंच आहेत.

मस्टर मुकादमाच्या पिशवीत, या आज्जीच्या वाक्याचं उत्तर राजस्थानातल्या मजुरांनी शोधलं. १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगाव जनसुनवाया घेतल्या. मांडव टाकून, ध्वनिक्षेपकावर मस्टरमधली नावं आणि रकमा मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मेलेली माणसं खडी फोडताना सापडायची. कधी न बांधलेल्या इमारतीचं बिल निघालेलं असायचं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. १९९६ साली ब्यावरमध्ये ४० दिवस धरणं धरलं. पुढे २००५ मध्ये देशाला माहितीचा अधिकार मिळाला, त्याची मुळं अशी हजेरीपटात आहेत. शहरात आम्ही तो कायदा वापरतो सोसायटीच्या भानगडींसाठी आणि बदल्यांच्या फायलींसाठी, पण तो जन्मला दुष्काळी कामावरच्या मापातल्या चोरीतून. पगार विभागात काम केलेल्या कुणालाही हे चटकन पटेल. हजेरीपट ज्याच्या ताब्यात, पगार त्याच्या ताब्यात.

आता मस्टर पिशवीत नाही, मोबाइलवर आहे. २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावावी लागते. मुकादमाची मनमानी गेली म्हणावं, तर डोंगरात रेंज नाही म्हणून दिवस बुडतो. २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. आधारवर 'बाई' आणि जॉबकार्डवर 'ताई' असेल तर पैसे अडकतात. माझ्या कंपनीत एखाद्याच्या नावात अशी चूक निघाली तर तो माझ्या टेबलाशी येतो, मी दहा मिनिटांत दुरुस्त करते आणि वर सॉरी म्हणते. तिकडे तेच करायला एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं. कायदा दोघांनाही वेळेवर पैसे देतो म्हणतो. फरक टेबलाच्या अंतराचा आहे.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याचं नाव इतकं लांब आहे की वस्तीवरच्या बाया त्याचं काय करतील देव जाणे. 'रोजगार हमी'चं त्यांनी कधीच 'हमी' करून टाकलं होतं. "हमीवर गेलीय" म्हणजे कामावर गेलीय. दिवस १०० चे १२५ झाले, हे चांगलंच. पण आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र द्यायचं, आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. राज्याला किती पैसा द्यायचा ते केंद्र आधी ठरवणार, त्यावरचं राज्याचं राज्यानं बघायचं. पेरणी-सुगीच्या दिवसांत एकूण साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची सोयही आहे. मामा खूश आहे. मला प्रश्न १२५ चा पडत नाही. जुन्या कायद्यातही १०० दिवस लिहिलेले असताना देशाची सरासरी कुटुंबामागे पन्नासच्या आसपासच रेंगाळली. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मागणी आणि मग पैसा, की आधी पैसा आणि त्यात बसेल तेवढी मागणी? पहिल्या प्रकारात पोचेला वजन असतं. दुसऱ्यात पोच मिळेलही, शिक्का मारून मिळेल, पण निधी संपला म्हणून सांगितलं तर ती कुणाला दाखवायची?

मराठीत 'पोच' शब्द दोन जागी वापरतात. पत्र मिळाल्याची पोच, आणि माणसाला असते ती पोच, समज. 'त्याला काही पोचच नाही' असं आज्जी म्हणायची, बहुतेक वेळा माझ्या वडिलांबद्दल.

यंदा फेब्रुवारीत मी फोन वाजायची वाट पाहिली नाही. पगाराच्या आदल्या दिवशी नव्या सगळ्या मुलामुलींना मेल पाठवला. या महिन्यात १०० रुपये जास्त का कापले जातील, कर कोणत्या साली बसला, कशासाठी बसला, विसापूर, बाहत्तर, सगळं दोन परिच्छेदांत. तिसरा परिच्छेद आज्जीवर लिहिला होता, तो पाठवताना खोडला. मेल सत्तावन्न जणांना गेला.

संध्याकाळपर्यंत एकाचं उत्तर आलं. 'नोटेड.'